आठ इंची डॉब्सोनियन आणि दक्षिण आकाशातील एनजीसी १३९९: दोन हिवाळ्यांनंतरचा अभिप्राय

आठ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीविषयी मराठीत जे अभिप्राय वाचायला मिळतात, ते बहुतेक चंद्र, गुरू, शनी आणि फार तर मृगातील तेजोमेघ इथवर येऊन थांबतात. या चौघांसाठी ही दुर्बीण उत्तम आहे, यात वाद नाही. मात्र तेवढ्यासाठी इतका मोठा आरसा घेण्याची गरजही नाही. ज्यांना दीर्घिका पाहायच्या आहेत, आणि त्यातही आपल्याकडून दक्षिण क्षितिजाच्या बाजूला दिसणाऱ्या, त्यांनी या दुर्बिणीवर पैसे घालावेत का, हा प्रश्न मला खरेदीपूर्वी पडला होता आणि त्याचे सरळ उत्तर कुठे मिळाले नव्हते. आता लातूर जिल्ह्यातील आमच्या शेतात दोन हिवाळे ही दुर्बीण वापरून झाल्यावर मी ते उत्तर देऊ शकतो. कंपनीचे नाव देत नाही, कारण या मापाच्या बहुतेक दुर्बिणींची रचना जवळपास एकसारखी असते आणि पुढे जे लिहिले आहे ते त्या सर्वांना लागू पडावे.

दुर्बीण अशी आहे: २०३ मिलिमीटर व्यासाचा मुख्य आरसा, १२०० मिलिमीटर नाभीय अंतर, २५ आणि १० मिलिमीटरच्या दोन नेत्रिका, म्हणजे डोळा लावायची भिंगे, आणि ५० मिलिमीटरचा फाइंडर, म्हणजे दिशा धरायला नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण. या नेत्रिकांनी अनुक्रमे ४८ पट आणि १२० पट वर्धन मिळते. नळी लाकडी भुशाच्या दाबीव फळ्यांच्या बैठकीत बसते आणि हाताने वरखाली किंवा आडवी फिरवायची असते. मोटर नाही, संगणक नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉन डॉब्सन यांनी १९६० च्या दशकात रूढ केलेली ही साधी बैठक आहे, आणि साधी असल्यामुळेच पैशाचा मोठा वाटा आरशावर खर्च होतो. अंधारात पूर्ण उघडलेली आपली बाहुली सुमारे ७ मिलिमीटरची धरली, तर हा आरसा डोळ्यापेक्षा आठशे पटींहून अधिक प्रकाश गोळा करतो. दीर्घिका पाहणाऱ्याने किमतीच्या आधी हा आकडा पाहावा.

मी ज्या दीर्घिकेवर ही दुर्बीण पारखली ती एनजीसी १३९९ (एनजीसी ही दीर्घिका, तेजोमेघ वगैरेंची खगोलविदांची क्रमवार यादी). फोर्नॅक्स नावाच्या लहान, फिकट तारकासमूहात ती आहे. निकोला-लुई द लाकाय या फ्रेंच खगोलविदाने १७५१-५२ मध्ये केप ऑफ गुड होप येथून दक्षिण आकाशाची मोजणी केली आणि रिकाम्या वाटणाऱ्या जागांना उपकरणांची नावे दिली. त्यांतलीच ही रसायनशास्त्रज्ञाची भट्टी. या भट्टीच्या दिशेला, आपल्यापासून सुमारे साडेसहा कोटी प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांचा एक दाट समूह आहे आणि त्याच्या मध्यभागी एनजीसी १३९९ ही महाकाय लंबवर्तुळाकार दीर्घिका बसली आहे. तिच्याभोवती काही हजार गोलाकार तारकागुच्छ आहेत. आपल्या आकाशगंगेत असे गुच्छ दीडशेच्या आसपास आहेत, यावरून तिच्या आवाक्याची कल्पना यावी. जॉन हर्शेल यांनी केपच्या मुक्कामात, १८३५ साली, ती प्रथम नोंदवली.

तिचे स्थान खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे साडेपस्तीस अंश दक्षिणेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात ती अगदी डोक्यावर येते. लातूरहून ती जास्तीत जास्त ३६ अंशांपर्यंतच चढते, म्हणजे तिचा प्रकाश माथ्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत पावणेदोन पट जाडीच्या हवेतून आपल्यापर्यंत येतो. दुर्बिणीचा अभिप्राय लिहिताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. परदेशी निरीक्षकांची वर्णने वाचून ही दुर्बीण घेतली आणि इथे तसे दिसले नाही म्हणून आरशाला दोष दिला, असे माझ्या ओळखीतल्या दोघांचे झाले आहे.

खरेदीचा अनुभव आधी सांगतो. खोका आला तेव्हा बैठकीचे दोन स्क्रू कमी होते आणि आरशांची जुळणी, ज्याला सगळे कॉलिमेशन म्हणतात, पूर्णपणे बिघडलेली होती. विक्रेत्याने स्क्रू पाठवायला तीन आठवडे लावले. शेवटी ते मी गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणले. कॉलिमेशन बिघडणे हा मात्र दोष मानू नये, कारण इतक्या प्रवासानंतर कोणतीही परावर्तक दुर्बीण हलणारच. ते घरी दुरुस्त करता येते आणि दहा मिनिटांत शिकता येते. लंबवर्तुळाकार दीर्घिका पाहणाऱ्याने ते दरवेळी करावेच, कारण या दीर्घिकेची सारी ओळख तिच्या गाभ्यात आहे आणि आरसे जुळलेले नसले तर तो गाभाच पसरट होतो.

दुसरी अडचण दक्षिण आकाशासाठी खास आहे आणि तिच्याविषयी मला कुठेच वाचायला मिळाले नव्हते. नळी माथ्याकडे रोखलेली असते तेव्हा तिचा तोल उत्तम राहतो; पण ३६ अंशांवर ती इतकी आडवी येते की पुढच्या टोकाला लागलेला फाइंडर आणि एखादी जड नेत्रिका तिला खाली ओढू लागतात. तुम्ही दीर्घिका मध्यभागी आणता, हात काढता, आणि ती हळूहळू दृश्यक्षेत्राच्या बाहेर जाते. बैठकीचा स्क्रू आवळला तर नळी इतकी घट्ट होते की पुढे ढकलताना झटके बसतात. मी जुन्या स्पीकरमधून काढलेले दोन चकतीसारखे लोहचुंबक नळीच्या मागच्या टोकाला चिकटवले आणि प्रश्न मिटला. हा उपाय फुकटचा आहे, परंतु कंपन्यांनी तो आधीच करून द्यायला हवा होता, कारण विषुववृत्ताच्या उत्तरेला राहणाऱ्या प्रत्येकाला दक्षिणेकडे पाहताना ही अडचण येणार आहे.

आता त्या रात्रीविषयी. आमच्याकडे मार्गशीर्षातली अमावस्या ही वेळा अमावस्या. दिवसभर सगळे घर शेतात असते, ज्वारीच्या ताटांच्या कोपीत पूजा होते, भज्जी, उंडे आणि आंबिलाचे जेवण होते आणि अंधार पडू लागला की पेटता हेंडगा शेताभोवती फिरवतात. त्यानंतर बहुतेक मंडळी घरी परततात. आम्ही चौघे मागे राहिलो. हेंडग्याचा उजेड डोळ्यांत होता, त्यामुळे पहिली चाळीस मिनिटे मी कुणालाही दुर्बिणीजवळ येऊ दिले नाही. तेवढ्या वेळात आरसाही बाहेरच्या गारव्याला आला. आरसा गार होण्याआधी पाहिले तर नळीतली उबदार हवा हलत राहते आणि सगळे काही थरथरते. चाळीस मिनिटे हा माझा अनुभव आहे, आणि तो वेळ वाचवायचा प्रयत्न कुणी करू नये.

रात्री दहाच्या सुमारास भट्टी दक्षिणेला सर्वांत वर आली. तिकडे जायचा रस्ता असा: अल्फा फोर्नॅसिस हा चौथ्या प्रतीचा तारा डोळ्यांनी सापडतो, तिथून साधारण साडेसात अंश खाली आणि थोडे डावीकडे फाइंडर नेला की ‘काय’ (χ) फोर्नॅसिस नावाच्या तीन ताऱ्यांचा एक इवलासा त्रिकोण लागतो, त्या त्रिकोणापासून पूर्वेला, म्हणजे दक्षिणेकडे तोंड केलेले असताना डावीकडे, सव्वादोन अंश सरकले की आपण दीर्घिकांच्या मधोमध येतो. सरळ पाहण्याच्या फाइंडरमध्ये चित्र उलटे दिसते, म्हणून आकाशाचा नकाशाही उलटा धरावा लागतो. पहिल्या हिवाळ्यात मी हे विसरलो आणि दोन रात्री भलत्याच दिशेला शोधत बसलो. एक सोय मात्र आहे: नळी आडवी असल्याने नेत्रिका खाली येते आणि बाजेवर बसून आरामात पाहता येते.

२५ मिलिमीटरच्या नेत्रिकेत एक अंशापेक्षा किंचित मोठे क्षेत्र दिसते. पहिल्या नजरेला त्यात काहीच दिसत नाही, नुसते तारे. मग मध्याच्या जवळचा एक तारा तारा नाही असे वाटू लागते, कारण त्याला कडा नसते. तीच एनजीसी १३९९. थेट न पाहता नजर थोडी बाजूला ठेवली की तिच्याभोवतीची मंद गोल प्रभा पसरते आणि पुन्हा सरळ पाहिले की ती आकसून गाभ्यात जाते. नळीला बोटाने हळूच टिचकी मारली तर चित्र हलते आणि हलणारी फिकट वस्तू डोळ्याला अधिक लवकर जाणवते. ही युक्ती मी दर वेळी वापरतो. थोड्याच वेळात आग्नेयेला, दहा कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), तिची शेजारीण एनजीसी १४०४ दिसते: लहान, घट्ट आणि जवळच एक ठळक तारा असलेली. हा तारा क्षेत्राच्या बाहेर ढकलला की ती अधिक चांगली उमटते. पश्चिमेला एनजीसी १३८७ आणि आणखी दोन ठिपके लागले. एका क्षेत्रात पाच दीर्घिका मी मोजल्या, आणि त्या रात्री त्या पाचही प्रत्येक वेळी पुन्हा सापडल्या, म्हणून हा डोळ्यांचा भास नव्हता.

आत्याने सर्वांत शेवटी पाहिले. मी तिला सांगितले, “आत्या, डोळा जवळ ने, पण नळीला हात लावू नकोस.” बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “दिवा मालवल्यावर वात कशी राहती, तसं दिसायलंय.” मी पुस्तकांतून लंबवर्तुळाकार दीर्घिकांची पुष्कळ वर्णने वाचली आहेत, पण मधोमध तेवढे तेज आणि भोवती हळूहळू विरत जाणारा उजेड, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारे दुसरे वर्णन मला आठवत नाही.

या दुर्बिणीविषयीचे माझे मुख्य मत याच वर्णनावर उभे आहे. आठ इंची दुर्बिणीत सर्पिल दीर्घिका बघणाऱ्याची बहुधा निराशा होते, कारण त्याने छायाचित्रांत भुजा पाहिलेल्या असतात आणि नेत्रिकेत त्या नसतात. याच समूहात एनजीसी १३६५ ही दंडधारी सर्पिल दीर्घिका आहे, जिची छायाचित्रे फार देखणी असतात. माझ्या दुर्बिणीत तिचा मधला दंड फिकटसा जाणवला. भुजांचा सुगावा दोन रात्री लागल्यासारखा वाटला आणि तिसऱ्या रात्री लागला नाही. तिचा प्रकाश पसरलेला आहे आणि ३६ अंशांवरची हवा असा पसरलेला प्रकाश सर्वांत आधी गिळते.

लंबवर्तुळाकार दीर्घिकेचे तसे होत नाही. तिच्यात वायू आणि धूळ थोडी, नवे तारे जवळपास नाहीत, आणि जुने तारे केंद्राभोवती सर्व दिशांनी, वेगवेगळ्या पातळ्यांत फिरत असतात. त्यामुळे चकती नाही, भुजा नाहीत. केंद्राशी तेज दाटलेले आणि बाहेर एका ठरावीक प्रमाणात उतरत गेलेले. हे प्रमाण जेरार द व्होकुलर यांनी १९४८ साली मांडले आणि आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. निरीक्षकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की मोठ्या वेधशाळेच्या छायाचित्रातसुद्धा ही दीर्घिका म्हणजे कडा नसलेला, मध्ये उजळ असा गोळाच असतो, आणि आठ इंची दुर्बिणीतही तेच दिसते. लहान आणि फिकट, पण तेच. जुन्या ताऱ्यांचा पिवळसर रंग मात्र दिसत नाही, कारण इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत. रंग सोडला तर ही दुर्बीण या दीर्घिकेची मूळ प्रकृती पूर्णपणे दाखवते, आणि इतक्या किमतीच्या उपकरणाकडून मी याहून अधिक मागणार नाही.

१२० पट वर्धनावर १३९९ आणि १४०४ दोन्ही एकाच क्षेत्रात बसतात, आकाशाची पार्श्वभूमी गडद होते आणि १३९९ चा गाभा जवळजवळ ताऱ्यासारखा टोकदार होतो. अडचण एवढीच, की पृथ्वीच्या फिरण्यामुळे दीर्घिका दोन मिनिटांत क्षेत्राच्या या कडेहून त्या कडेला जाते आणि नळी सतत ढकलावी लागते. सवय झाली की हात आपोआप चालतो. तरी पाहुण्याला दाखवायचे असेल तर ४८ पटच ठेवावे. सोबत येणारी १० मिलिमीटरची नेत्रिका मला आवडली नाही. तिच्यातून डोळ्याला अगदी चिकटून पाहावे लागते, थंडीत श्वासाने तिच्यावर वाफ धरते आणि चष्मा लावणाऱ्याला ती निरुपयोगी आहे. मी १२ मिलिमीटरची जरा बरी नेत्रिका वेगळी घेतली. नवीन घेणाऱ्याने हा खर्च सुरुवातीलाच धरून ठेवावा.

वर सांगितलेल्या तीन ताऱ्यांच्या त्रिकोणापासून नैर्ऋत्येला गेले की एनजीसी १३१६ लागते. रेडिओ खगोलशास्त्रात ती फोर्नॅक्स ए या नावाने प्रसिद्ध आहे आणि आकाशातील सर्वांत प्रखर रेडिओ स्रोतांपैकी एक आहे. तिच्या दोन्ही बाजूंना पसरलेले रेडिओ फुगवटे डोळ्यांना दिसले असते, तर चंद्रबिंबाहून मोठे दिसले असते. तिने पूर्वी इतर दीर्घिका गिळल्याच्या खुणा धुळीच्या पट्ट्यांच्या रूपाने शिल्लक आहेत, म्हणून तिला निखळ लंबवर्तुळाकार म्हणावे की नाही यावर अभ्यासक एकमत नाहीत. १९८०, १९८१ आणि २००६ मध्ये दोनदा, असे चार अतिनवतारे, म्हणजे स्फोट होऊन अचानक उजळलेले तारे, तिच्यात दिसले आहेत. माझ्या दुर्बिणीत ती १३९९ पेक्षा सहज सापडते, किंचित लांबट आणि गाभ्याशी अधिक उजळ. उत्तरेला चिकटून १३१७ हा छोटा ठिपका. धुळीचे पट्टे आठ इंचांत मला दिसले नाहीत, आणि आमच्या अक्षांशावरून ते दिसतील अशी अपेक्षाही कुणी ठेवू नये.

दुर्बिणीइतकेच महत्त्व जागेला आहे. दक्षिण आकाश पाहायचे असेल तर शहराच्या दक्षिणेला जावे, म्हणजे शहराच्या उजेडाचा फुगा पाठीशी राहतो. अनेक जण सोयीचे म्हणून उत्तरेच्या रस्त्याला जातात आणि नेमकी हवी ती दिशा उजळलेली मिळते. आमच्या शेताच्या दक्षिणेला दूरवर एक साखर कारखाना आहे आणि गाळपाचा हंगाम नेमका याच महिन्यांत असतो. रात्रभर दिवे आणि धूर असतो. ज्या रात्री वारा दक्षिणेकडून होता त्या रात्री १३८७ दिसलीच नाही, आणि वारा फिरल्यावर दुसऱ्या रात्री तीच नेत्रिका, तोच आरसा आणि १३८७ अगदी स्पष्ट. दुर्बिणीला दोष देण्याआधी वाऱ्याची दिशा बघायला मी त्या दिवशी शिकलो.

टिकाऊपणाविषयी दोन शब्द. बैठकीच्या दाबीव फळ्या पावसाळ्यात ओल धरतात. पहिल्याच वर्षी खालची कड फुगली. आता मी कडांना रंगाचा जाड हात दिला आहे आणि बैठक लाकडी ठोकळ्यांवर ठेवतो. आरशाला बुरशी लागू नये म्हणून नळीची दोन्ही टोके झाकून आत सिलिका जेलच्या पुड्या टाकतो आणि दर महिन्याला त्या बदलतो. आरसा मी अजून एकदाही धुतलेला नाही आणि थोड्या धुळीने दीर्घिकेत फरक पडत नाही, असा माझा अनुभव आहे. नळी आणि बैठक मिळून वजन पंचवीस किलोंच्या घरात जाते. दोन खेपांत एकट्याला नेता येते, पण तिसऱ्या मजल्यावरून रोज उतरवणे जमणार नाही. ज्यांच्याकडे मोटार नाही किंवा गावाकडे अंगण नाही, त्यांनी सहा इंचीचा विचार करावा. सहा इंचीत १३९९ आणि १४०४ दिसतील, बाकीच्या तिघींसाठी फार चांगली रात्र लागेल.

उन्हाळ्याच्या तोंडावर हीच दुर्बीण मी नरतुरंगातील एनजीसी ५१२८ कडे वळवतो. ती आपल्याकडून जेमतेम २८ अंशांपर्यंत चढते, तरी अंतर सव्वा कोटी प्रकाशवर्षांच्या आसपासच असल्याने बरीच तेजस्वी आहे आणि तिच्या गोलाला मधोमध चिरणारा काळा पट्टा मला दोन वेळा निश्चित दिसला. तिथे नळी आणखी आडवी होते, म्हणून मागच्या टोकाला तिसरा चुंबक लावावा लागतो.

ग्रह आणि चंद्र यांपलीकडे जायचे असेल, वर्षातून निदान पाच-सहा अमावस्या गडद आकाशाखाली काढणे शक्य असेल आणि फिकट ठिपक्यापुढे अर्धा तास बसायची तयारी असेल, तर ही दुर्बीण घ्यावी असे मी निःशंकपणे सांगतो. घराच्या गच्चीवरून, शहरात राहून दीर्घिका पाहायच्या असतील तर घेऊ नये. तिथे हा आरसाही काही करू शकत नाही. घेणाऱ्यांनी पहिल्या हिवाळ्यात यादी वाढवू नये, भट्टीतल्या या पाच दीर्घिका तेवढ्या पक्क्या कराव्यात, आणि दर वेळी काय दिसले ते वहीत तारीख, वेळ आणि वाऱ्याच्या दिशेसह लिहून ठेवावे.